आईच्या प्रार्थनेतला नळ

आमच्या सोलापूरच्या फॅमिली ग्रुपवर आठ दिवस झाले एकच वाद चालूय. धाकट्या चुलतभावाने टाकलं की पहाटे साडेपाचला घर उठवून उपासना घ्यायचे दिवस गेले, ग्रॅटिट्यूडचं ॲप आहे, रोज तीन चांगल्या गोष्टी टाईप केल्या की झालं. त्यावर थोरले काका म्हणाले, ही परदेशी खुळं, तिकडची चर्चं ओस पडलीत. नाव घेतलं नाही पण टोमणा मलाच होता.

काका, सात वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला आहे मी. रविवारी निम्मे बाक रिकामे असतात, कबूल. पण माझ्या शेजारच्या आजी रोज कॉफीबरोबर त्या दिवसाचं वचन वाचतात. तिथल्या हेर्नहूट गावचे मोराव्हियन पंथाचे ख्रिस्ती लोक 1731 पासून हे वचनांचं पुस्तक छापतायत आणि जुन्या करारातलं वचन चक्क चिठ्ठी काढून ठरवतात. आपल्याकडे मंडळीचं, म्हणजे चर्चचं, वचनांचं कॅलेंडर फेब्रुवारीनंतर फक्त सिलेंडर कधी लावला ते लिहायला उरतं, तेव्हा ओस कोण पडलंय ते आधी बघा.

आणि काय बे, तुझ्या त्या ॲपमध्ये आभार मानतोस कुणाचे? आपला शब्द उपकारस्तुती आहे, म्हणजे समोर उपकार करणारा कुणीतरी पाहिजे ना. पौल थेस्सलनीकरांना सर्व स्थितीत उपकारस्तुती करा म्हणतो, तीन चांगल्या गोष्टी निवडून नाही. आईच्या प्रार्थनेत नळ असायचा. चार दिवसांनी पाणी आलं की "बापा, पाणी दिलंस" आणि नाही आलं तर "बापा, शेजारणीने दोन घागरी दिल्या". पप्पांची मिल बंद पडली त्या आठवड्यातही ती शेंगाचटणी-भाकरीबद्दल उपकार मानत होती आणि मी चादरीत तोंड खुपसून आमेनची वाट बघत होतो.

पण काकांनाही एक सांगायचंय. मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो, तो एकटाच जातो, शिमोन नंतर शोधत येतो. कुणाची चादर ओढल्याचं लिहिलेलं नाही.

एवढं सगळं ग्रुपवर टाईप केलं आणि पुसलं. कारण इथं राहायला आल्यावर पत्ता नोंदवायच्या आनमेल्डुंगच्या फॉर्मवर धर्माचा रकाना मी रिकामा सोडलाय. लिहिलं असतं तर इन्कम टॅक्सवर आणखी आठ टक्के चर्चचे गेले असते, आणि तेव्हा घरभाडं, डिपॉझिट सगळंच अंगावर आलेलं. नंतर पगार वाढला तरी रकाना तसाच राहिला. आईला अजून माहीत नाही.

जर्मनमध्ये प्रार्थना करून बघितली, ऑफिसात रजेचा अर्ज दिल्यासारखं वाटतं. हिवाळ्यात मी उठतो तेव्हा सोलापुरात साडेदहा वाजून गेलेले असतात, आईची उपासना, भांडी, मंडई सगळं उरकलेलं, आणि माझ्या फोनवर तिची व्हॉइस नोट पडलेली असते. ती मी एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, डोळे उघडे ठेवून ऐकतो. मागे तिचा नळ वाहत असतो. काल म्हणत होती, "बापा, माझ्या लेकराला तिथं चांगली मंडळी दिलीस."

आमेन म्हणायच्या आत माझं स्टेशन आलं.