वारीतल्या फोटोत मावशी कोणाची?

आषाढी जवळ आली की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद पेटतो. एक गट म्हणतो, रिंगणात घोड्याच्या आडवे येणारे हौशी फोटोग्राफर आवरा. दुसरा म्हणतो, वारी सगळ्यांची, मग फोटोला परवानगी कशाला? बर्लिनमध्ये बसून हे वाचताना मला इथला एक खटला आठवतो.

२०१३ साली इथल्या झू स्टेशनजवळ रस्त्यात टिपलेला एका बाईचा फोटो एका गॅलरीने भलामोठा करून भर रस्त्यावर लावला. अंगात सापाच्या कातडीच्या नक्षीचा ड्रेस, चेहरा स्वच्छ ओळखू येणारा. बाई कोर्टात गेली. २०१८ मध्ये घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की रस्त्यावर नकळत टिपलेला फोटो ही कलाच आहे. पण तो असा वर्दळीत, एवढा मोठा टांगायचा तर स्वतःच्या चेहऱ्यावरचा बाईचा हक्क वरचढ.

या हक्काचं मूळ जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क याच्या मृत्यूशी जोडलेलं आहे. १८९८ मध्ये दोन फोटोग्राफर रात्री त्याच्या खोलीत घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढून आले. तेव्हा चेहऱ्याच्या हक्काचा कायदाच नव्हता. तो १९०७ मध्ये झाला. त्यात मिरवणुकीच्या चित्रांना सूट आहे, पण मिरवणुकीतून एकटा चेहरा उचलला की ती सूट डळमळते.

हा कायदा जसाच्या तसा आपल्याकडे आणा, असं मी मुळीच म्हणणार नाही. मुलीच्या इथल्या बालवाडीचा ग्रुप फोटो आला तेव्हा चेहरा दिसू नये म्हणून निम्म्या पोरांच्या तोंडावर पिवळे स्माइली चिकटवलेले होते. वीस वर्षांनी त्यात कोण कोणाला शोधणार?

पण आपल्याकडच्या वादात दोन्ही गट फोटो काढण्यावरच भांडतात, पुढचं कुणी बोलत नाही. डोक्यावर तुळस, सुरकुतलेला चेहरा, डोळे मिटलेले: अशा मावशींचा फोटो स्पर्धेत बक्षीस मिळवतो, कॅलेंडरवर छापला जातो. खाली नाव फोटोग्राफरचं. मावशी म्हणजे नुसती ‘श्रद्धा’ किंवा ‘माउली’. तिच्या घरी एक प्रिंटही जात नाही. पत्ता कुठे शोधायचा, ही सबब मला पटत नाही. पालखी सोहळ्यात दिंड्यांना क्रमांक असतात, गाव विचारलं की बाई सांगतेच, आणि फोटोवाल्याची टेलिफोटो लेन्स नुसती विकली तरी गावभर प्रिंट वाटता येतील. स्पर्धा भरवणाऱ्यांनी प्रवेशिकेत दोन रकाने वाढवावेत: मावशींचं नाव आणि दिंडी क्रमांक. रिकामे असतील तर फोटो परत.