ताईंचं तिकीट

नाशिकला आमच्या सिडकोतल्या गल्लीत एका उन्हाळ्यात आठ दिवस पाण्याची बोंब होती. नवव्या दिवशी पहाटे साडेपाचला नगरसेविका ताई स्वतः व्हॉल्व्हमनला घेऊन चेंबरपाशी उभ्या. हातात बॅटरी. "अजून दोन आटे खोल भाऊ," आणि मला, "पळ, शेवटच्या घरी धार लागली का बघून ये." चढावरच्या घराला पाणी पोचलं तेव्हाच त्या हलल्या.

२०१२ ला वॉर्डातली एक जागा महिला राखीव झाली म्हणून त्यांना तिकीट मिळालं होतं. कारभार नवराच बघणार, असं आमच्या घरातही बोललं गेलं. आज त्याची लाज वाटते. पहिले सहा महिने ताई महासभेत गप्पच होत्या. विषयपत्रिका घरी आणायच्या, कळलं नाही त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारायच्या आणि दुसऱ्या दिवशी राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात जाऊन अभियंत्याला विचारायच्या. तिसऱ्या वर्षी बजेटमध्ये आपल्या रस्त्याचं काम कोणत्या हेडखाली आहे हे त्या तोंडपाठ सांगत.

आणि मग २०१७ आलं. तोवर दोन-दोन नगरसेवकांचे ६१ प्रभाग होते, ते ३१ झाले. जागा त्याच १२२, पण बहुतेक ठिकाणी चारचं पॅनल, म्हणजे एका प्रभागात चार नगरसेवक. ताईंचा भाग शेजारच्यात मिसळला आणि शेवटच्या रात्री एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, दुसऱ्याच्या हातात पडला. बाई शिकून तयार झाली आणि कारकीर्द संपली!

नगरसेवकाची खरी कमाई म्हणजे त्याला पाठ झालेला वॉर्ड, असं माझं ठाम मत आहे. ते यायला पाच वर्षं लागतात, आणि नेमकं तेव्हाच आपण माणूस बदलतो. आरक्षण हवंच, त्याशिवाय ताई उभ्याच राहिल्या नसत्या. पण प्रभागाच्या हद्दी अशा का मोडायच्या? चौघांत जबाबदार कोण, हे मतदाराने कसं ओळखायचं? मार्च २०२२ ला मुदत संपली ती थेट जानेवारी २०२६ पर्यंत मतदान नाही. जवळजवळ चार वर्षं प्रशासक. त्या काळात लोक ताईंच्याच दारात जायचे, पद नसताना.

आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, शहर सगळीकडे खोदलं जातंय. परवा आमचं ड्रेनेज तुंबलं. आईने फोन लावला तो ताईंनाच. त्या आल्या, विजेच्या खांबापासून चार पावलं मोजली आणि डांबरावर चप्पल आपटून म्हणाल्या, "इथं खणा, झाकण खाली आहे."

होतं.