रक्त काढून परत का टोचायचं?

नमस्कार. हाडा-सांध्यातला जंतुसंसर्ग शोधणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या स्कॅनवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचा आक्षेप असा, की पेट स्कॅन दोन तासांत होत असताना रक्त काढा, पांढऱ्या पेशींना किरणोत्सारी द्रव्य लावा, परत टोचा, हा १९७०च्या दशकातला वेळखाऊ आणि धोक्याचा खटाटोप मी का उचलून धरते.

वेळखाऊ आहेच. मी हेच काम करते. साधारण ५० मिली रक्त घेऊन सिरिंज उभी ठेवायची, लाल पेशी खाली बसू द्यायच्या आणि वरचा पिवळसर थर अलगद काढायचा. इथे हात जड पडला तर पेशी दुखावतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसातच अडकतात. पेशींना टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य लावून परत टोचेपर्यंत दोन-तीन तास जातात. फोटोही चार तासांनी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी.

पण तुमच्या वडिलांसारखा कृत्रिम सांधा बसवलेला गुडघा दुखतो, तेव्हा प्रश्न एकच असतो: आत जंतू आहेत, की सांधा नुसता सैल झालाय? जंतू असतील तर बऱ्याचदा सांधा काढून कित्येक आठवडे अँटिबायोटिक द्यावं लागतं. पेट स्कॅनसाठी टोचलेली किरणोत्सारी साखर सैल सांध्याभोवतीच्या जंतूविरहित सुजेतही उजळते. न्यूट्रोफिल (जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) तिथे फारसे फिरकत नाहीत. जंतू असले की मात्र जमत राहतात. म्हणून चार तासांचा डाग चोवीस तासांनी वाढला तर संशय पक्का होतो. तेवढाच राहिला किंवा फिकटला, तर ती बहुधा अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मगज; तिथे या पेशी एरवीही जमतात.

धोक्याचं म्हणाल तर टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तासांचं, म्हणजे दर सहा तासांनी किरणोत्सार निम्म्यावर येतो. मला खरी धास्ती असते ती एकाचं रक्त दुसऱ्याला जाण्याची. म्हणून टोचण्याआधी मी नाव वाचून दाखवत नाही. रुग्णालाच पूर्ण नाव सांगायला लावते आणि मग सिरिंजवरच्या लेबलाशी ताडते. घाईत नुसती मान डोलावणारे खूप असतात.

मणक्यासाठी ही तपासणी उपयोगाची नाही, हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर. संसर्ग झालेला मणका या तपासणीत अनेकदा उजळत नाही, उलट रिकामा दिसतो. तिथे एमआरआय किंवा पेटच हवा. मी सरसकट ‘हाडांसाठी उत्तम’ लिहिलं, ती चूक होती. लेखात दुरुस्त केली आहे.

वडिलांच्या सर्जनना एवढं विचारा: सांध्यातलं पाणी काढून कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवलंय का? स्कॅन कुठलाही करा, ते आधी व्हायला हवं.