कुत्रं पाळायचंय? मग असं पाळा

सांगलीत स्वतःचं घर झालं, दारात चारचाकी लागली, पोरगं पुण्याला इंजिनिअरिंगला गेलं, की पुढची पायरी म्हणजे कुत्रं. विश्रामबागला बंगला आणि गेटवर 'कुत्र्यापासून सावध' पाटी नाही म्हटलं की लोकांना वाटतं हप्ते थकलेत वाटतं. तेव्हा घ्याच. कसं घ्यायचं, कसं ठेवायचं ते सांगतो, फुकट सांगतोय तर नीट ऐका.

पहिली गोष्ट जात. माणसांच्यात आपण जातपात मानत नाही, पण कुत्र्याच्या बाबतीत आई-बाप, आजा-पणजा यांचे पेपर बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. शक्यतो हस्की घ्या. सायबेरियातलं, बर्फात गाडी ओढणारं, अंगावर केसांचे दोन थर असलेलं कुत्रं मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना, शंभर फुटी रोडच्या फ्लॅटच्या गॅलरीत काय शोभतं म्हणून सांगू! ते जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागलं की पाहुण्यांना सांगायचं, बघा कसं हसतंय. जत-आटपाडीकडं मेंढरांच्या कळपाबरोबर असतं ते सडपातळ कारवान मात्र चुकूनही घेऊ नका. इथल्याच उन्हात वाढलेलं, भाकरीवर भागवणारं, ससा धरणारं कुत्रं, पण दिसायला असलं हडकुळं की शेजारीण विचारणार, खायला घालत नाही का ओ?

नाव इंग्रजी ठेवा, आडनाव स्वतःचं लावा. कुत्र्याशी इंग्रजीतच बोलायचं, सिट, कम, नो. घरात आजी असेल तर तिला तेवढं समजावून ठेवा, नाहीतर चार पाहुण्यांसमोर तुम्ही सिट सिट करून घसा कोरडा करणार, कुत्रं ढिम्म, आणि आतनं आजी "बस की रं मुडद्या" म्हटली की ते गपकन बसणार. लाज जाते.

वाढदिवस दणक्यात. खर्चाला मागंपुढं बघू नका, केक, फुगे, चौकात फ्लेक्स, फ्लेक्सवर गॉगल लावलेला कुत्रा आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज फोटो. भेट म्हणून आपल्या तासगावचा बेदाणा मूठभर चारा, जीआय टॅगवाला माल आहे, परक्या कुत्र्याच्या नशिबात कुठला. द्राक्षं-बेदाण्यानं कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात असं जनावरांचे डॉक्टर सांगतात, चॉकलेटलाही नको म्हणतात. डॉक्टरांना प्रत्येकच गोष्टीत किडनी दिसते. आपण लाडानं देतोय ना, मग झालं.

लसीची मात्र घाई करू नका. केकला तीन हजार गेलेत, आता लगेच रेबीजच्या इंजेक्शनला कुठनं आणायचे. पार्वो म्हणजे काय हे पिल्लू चार दिवस रक्ताची हगवण लागून पडलं की आपोआप कळतंच, आधीपासनं डोक्याला ताप कशाला. आमचं कुत्रं घरातच असतं, त्याला काय होतंय, हे वाक्य पाठ करून ठेवा. फक्त पोस्टमन, कामवाल्या मावशी आणि शेजारचं पोरगं यांनाच ते चावतं.

चावलंच तर घाबरायचं नाही. सांगलीची हळद आहे, तिलाही जीआय टॅग आहे, वर मिरचीपूड दाबा. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची, मग लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची आणि पुढच्या तारखा एकही चुकवायच्या नाहीत, असलं साधं काम आपल्याला पटत नाही, फुकट मिळतं त्यात दम नसतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही हे खरंय, पण तोपर्यंत चावल्याची गोष्ट सगळे विसरलेले असतात, त्यामुळं तुमच्या कुत्र्यावर आळ यायचा प्रश्नच नाही.

फिरवायला पहाटेच निघा, हातात पिशवी नको, लोकांना वाटतं दूध आणायला चाललाय. शेजाऱ्याच्या गेटसमोर कुत्रं पाठ वाकवून बसलं की तुम्ही मोबाईलमध्ये बघायचं. कुणी हटकलंच तर एवढंच म्हणा, मुक्या जनावराला कळतंय का? त्याला कळत नाही हे खरंच आहे, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे सहसा कुणी विचारत नाही.

आता भटक्या कुत्र्यांबद्दल. घरचं एक झालं की मनात एवढी करुणा साठते की ती बाहेर सांडायलाच पाहिजे, पण ती स्वतःच्या दारात सांडू नका. गल्लीच्या कोपऱ्यावर, शाळेच्या गेटपाशी बिस्किटाचे पुडे फोडायचे आणि रील करून सुटायचं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत लिहिलंय की खायला घालायची जागा ठरवून घ्यावी, ती मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या दारांपासून लांब असावी, नसबंदी करून लस टोचून कुत्रं परत त्याच जागी सोडावं. पण नसबंदीच्या गाडीला फोन करायचा म्हणजे अर्धा दिवस जातो आणि त्याचं रील काय चालत नाही. पुढच्या वर्षी एकाची सात झाली की महापालिका काय करतीय म्हणून आपणच पहिली पोस्ट टाकायची.

नुसत्या कुत्र्यावर थांबू नका. पोपट पाळा, देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही म्हणतात, पण आपला काय वन्य आहे का, तो तर विठ्ठल विठ्ठल म्हणतो! बेंदराला बैलाची शिंगं रंगवा, पाठीवर झूल टाका, पुरणपोळी खिलवा, बळीराजाचा सखा म्हणून स्टेटस ठेवा आणि मग शर्यतीला जाऊन आपल्या खिल्लारावर पैज लावा. 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा आपण खिल्लार वाचवा म्हणून कंठशोष केला, डिसेंबर 2021 ला अटी घालून चालू झाल्या, मे 2023 ला घटनापीठानं कायदाही उचलून धरला. त्यात आपल्याला कामाचा शब्द 'चालू' एवढाच. अटी असतात त्या आयोजकानं कागदावर सही करायला.

पुराचंही बोलून घेऊ, सांगलीत राहायचं तर ते सुटत नाही. ऑगस्ट 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45. नदीकाठच्या गावांत कितीतरी लोक दावणीची म्हसरं सोडून बोटीत बसायला तयार होईनात, बचाव पथकवाले हात जोडायचे आणि ही माणसं गोठ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी. कुणी म्हणायचं माझी गाभण हाय, तिला सोडून कसं येऊ. अडाणी माणसं, त्यांच्या म्हशीला आडनाव नाही, इन्स्टावर अकाउंट नाही. आपण शिकलेले, आपण कागदपत्रं, दागिने, टीव्ही एवढं वरच्या मजल्यावर नेतो आणि बोटीत बसताना वाटतं कुत्र्याला पोहता येतंच की. येतं. गळ्यातला पट्टा तेवढा सोडायला पाहिजे.

शेवटी कधीतरी पोराकडं पुण्याला शिफ्ट व्हायची वेळ येते आणि सोसायटीत पेट चालत नाहीत हे नेमकं तेव्हाच कळतं. ग्रुपवर टाकायचं, 'चांगल्या घरी द्यायचे आहे, अत्यंत प्रेमळ, फक्त खऱ्या प्राणीप्रेमींनीच संपर्क करावा'. दोन दिवसांत फोन आला नाही तर रविवारी गाडी काढून कुपवाड एमआयडीसीकडं एक चक्कर मारायची, तिकडं कॅन्टीनं आहेत, खायची आबाळ होत नाही. परत येताना गाडीमागं ते पळतंय असं आरशात दिसलं तर काच वर करून एसी वाढवा.

आणि पुण्यात गेल्यावर मांजर घ्या, पर्शियन. त्याला फिरवावं लागत नाही म्हणतात.