दाब, धर, सोड

आमच्या पिकअपचं ब्रेक पॅडल आठ दिवसांपासून पोचट लागत होतं. एकदा दाबलं की पार पत्र्याला टेकायचं, तीन-चारदा हापसलं की मग कुठे गाडी थांबायची. अमळनेरच्या बाजारात एका रिक्षाच्या मागे मी असाच हापसत हापसत थांबलो. रिक्षावाला मागे वळून जे बोलला, ते अहिराणीत होतं आणि तिथेच राहिलेलं बरं.

लाइनीत हवा शिरली होती. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, त्यामुळे आपल्या पायाचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यात जातो. मेकॅनिक म्हणाला, लग्नसराई आटोपली की आणा. मी म्हटलं, चार चाकं, प्रत्येकाला हवा काढायचं एकेक निप्पल, त्यात काय एवढं!

पॅडल दाबलं की लाइनीत तेल ढकलतो तो मास्टर सिलेंडर. सुरुवात त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या चाकाने करायची. म्हणजे आमच्याकडे मागचं डावं. सकाळी आठला पोतं अंथरून खाली शिरलो. मे महिना, चेसिसला हात लागला की चटका. एका बाजूला पाट्याचे यू-बोल्ट, दुसऱ्या बाजूला शॉकअप, पुढ्यात हँडब्रेकची वायर, आणि या सगळ्यांच्या मधोमध ते निप्पल. भाऊबंदकीतल्या शेतासारखं: सातबाऱ्यावर आहे, डोळ्यांना दिसतं, पण जायला वाट नाही.

त्यावर एक रबरी टोपी असते, माती-पाणी जाऊ नये म्हणून. ती नव्हती. मागच्या वेळी ज्या कोणी हे काम केलं, त्याने टोपी बसवायचा कंटाळा केला आणि निप्पल गंजून बसलं. त्या अनोळखी माणसाच्या सात पिढ्यांची मी खालूनच विचारपूस केली.

फिक्स पाना लावला तर निप्पलचे कोपरे झिजायला लागले. रिंग पाना बसायचा, पण फिरवायला गेलं की दांडा पाट्यावर आपटायचा. जास्त जोर करावा तर निप्पल आतून पोकळ, मोडलं तर चाकातला सिलेंडरच बदला. शेवटी डिझेल लावून ठेवलं आणि दहा नंबरचा जुना रिंग पाना घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने तो लाल करून वाकवला, अर्धा कापला. पाना आता जगातल्या दुसऱ्या कुठल्याही नटाच्या कामाचा राहिला नव्हता. पण तो बसला. आधी किंचित आवळलं, मग सोडलं, आणि निप्पल 'कुर्र' करून हललं. मला मुलाच्या दहावीच्या निकालालाही एवढा आनंद झाला नव्हता.

पॅडलवर बायको. नियम सोपा: मी 'दाब' म्हटलं की दाबायचं, 'धर' म्हटलं की धरून ठेवायचं, मी निप्पल उघडून हवा काढून परत आवळणार आणि मग 'सोड'. निप्पल उघडं असताना पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं मुसळ केरात.

"मना पाय दुखाले लागना," वरून आवाज आला.

"धर!"

नळीतून बाटलीत बुडबुडे येत होते. तेल पान्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर आणि तिथून थेट काखेत. बुडबुडे संपत आले, तेल सलग यायला लागलं, एवढ्यात शेजारच्या खळ्यातून आप्पा गड्यावर ओरडले, "अरे, सोड ना त्या वासरूले!"

बायकोने सोडलं.

मग मी नवी पद्धत काढली. तोंडाने बोलायचंच नाही. चेसिसवर पान्याने एक ठोका म्हणजे दाब, दोन ठोके म्हणजे सोड. हे दुसऱ्या चाकापर्यंत छान चाललं. तिथलं निप्पल घट्ट होतं, म्हणून मी त्याला हातोडीने हलके हलके ठोकायला लागलो. दोन मिनिटांनी वरून धापा टाकत प्रश्न आला, "आजून कितला डाव?" ती प्रत्येक ठोक्याला इमानदारीने दाबत-सोडत होती. वर बॉनेटखालच्या डबीतलं तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलंय का, हे बघायला मात्र आम्हा दोघांपैकी कोणीच मोकळं नव्हतं. डबी कोरडी पडली, हवा मास्टर सिलेंडरपर्यंत पोचली. परत पहिल्या चाकापासून.

ऑइलचा दुसरा डबा आणला. अर्धा उरलेला ठेवून द्यावा म्हटलं तर तेही नाही, हे तेल हवेतली ओल ओढतं. कोरडं डॉट ३ जातीचं ब्रेक ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरली की ते १४० पर्यंत खाली येऊ शकतं. कन्नडच्या घाटात माल भरून उतरताना तेल उकळलं तर परत बुडबुडेच. वर बॉनेटवर सांडलेल्या तेलाने 'आईचा आशीर्वाद'मधला 'वाद' तेवढा खाल्ला.

दुपारी साडेतीनला पॅडल दगडासारखं झालं. गल्लीत एक चक्कर मारली, शेळ्यांच्या कळपाआधी दोन हात गाडी जागच्या जागी थांबली. जॅक काढला, पोतं झटकलं, न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावला आणि शर्ट उतरवताना खिशातून काहीतरी टपकन पडलं.

रबरी टोपी. मागच्या डाव्या चाकाची, नवीकोरी.

मी खिडकीतून गाडीकडे पाहिलं. खाली पोतंभर जागा होती, पण ऊन होतं. सकाळी त्या अनोळखी माणसाला दिलेल्या शिव्या मी मुकाट्याने परत घेतल्या.