बी.ए.ले रोज या लागते काय?

जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसलं की हा प्रश्न दिवसातून चार-पाच वेळा येतो. पोरीची टीसी आणि मार्कशीट हातात घेऊन बाप उभा असतो. मनात वाईट काही नसतं त्याच्या. "सायन्सवाल्याईले या लागते मॅडम, बी.ए.ले काय हाय? फॉर्म भरला, पेपर देल्ले, झालं." हो काका, रोज यावं लागते, एवढंच मी दरवर्षी सांगते, कारण मागे रांग असते. आज सविस्तर लिहिते.

अमरावती जिल्ह्यातल्या एका लहानशा कला महाविद्यालयात मी मराठी शिकवते. शिकले पण इथंच. तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे तास झाला तरच मानधन. तो विषय वेगळा आणि मोठा आहे, त्यावर कधीतरी लिहीन.

आमचा दिवस गाड्या ठरवतात. आजूबाजूच्या गावांची गाडी पावणेदहाला येते, परतीची दीडला. नंतरची थेट साडेपाचला. हिवाळ्यात त्या गाडीनं घरी पोचेपर्यंत अंधार पडतो, म्हणून पोरींच्या घरी ती चालत नाही. दहा ते सव्वाएक, एवढंच आमच्या पोरींचं कॉलेज. त्यातच तासिका, ग्रंथालय, शिष्यवृत्तीच्या अर्जातली दुरुस्ती आणि मैत्रिणीशी दोन शब्द. कँटीन नाही आम्हाला. स्टँडवरचा आलूपोंगा पाच जणींत वाटून खायचा आणि गाडीत बसायचं.

पासाची गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो. बी.ए.ला आली की भाड्याचा एक तृतीयांश भरावा लागतो. सवलत मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण मार्चपर्यंत काहीच लागत नव्हतं आणि आता दर महिन्याला बापाजवळ पैसे मागायचे. ज्या घरात आधीच "बी.ए.ले काय हाय" चाललं आहे तिथं पोरीच्या तोंडून ते मागणं निघत नाही. पहिल्या वर्षाला पोरी का गळतात हे मी कितीतरी दिवस त्यांच्या बारावीच्या मार्कांत शोधत होते.

मग येतो ऑक्टोबर. सोयाबीनची सोंगणी, मागोमाग कापसाची वेचणी. वर्गातली अठ्ठावीस नावं सहा-सातवर येतात. वेचणी किलोवर असते, घरच्या वावरात नसली तरी दुसऱ्याच्या वावरात पोरगी आईसोबत जाते. त्याच सुमारास हिवाळी परीक्षेचे फॉर्म निघतात आणि ७५ टक्के हजेरीची नोटीस लागते. नियम चूक आहे असं मी म्हणणार नाही. मात्र वेचणीहून आलेल्या पोरीची बोटं पाहा. बोंडाच्या वाळल्या टोकांनी ती ओरखडलेली असतात आणि पेन धरताना ती अंगठा जरा बाजूला ठेवते. अशी एक पोरगी तीन आठवडे दिसली नाही म्हणून मी तिच्या गावी गेले. आई वावरातच भेटली. ओटीत कापूस, उभ्या उभ्याच म्हणाली, "मॅडम, तुमी याच्यासाठी इतक्या दूर आल्या? मले वाटलं काई झालं." एका पोरीच्या गैरहजेरीसाठी कॉलेजातून कोणी घरी येतं हेच त्यांना नवं होतं. ती पोरगी सोमवारपासून आली, आठवड्यातले तीन दिवस. तिच्यासाठी मी राहिलेला भाग दीडच्या आधी अर्धा-अर्धा तास घेतला. वर्गात अठ्ठावीसच नावं असतात म्हणून हे जमतं. लहान कॉलेजचं मोल मला इथं वाटतं. आमचे शिपाईभाऊसुद्धा स्टँडवर पोरांना अडवून विचारतात, "काल काहून नव्हता बे?"

भाषेचं सांगते. आमची पोरं पहिलं वर्षभर तोंडच उघडत नाहीत. कुठंतरी कोणीतरी त्यांच्या 'मले-तुले'ला हसलेलं असतं आणि ते आत जाऊन बसलेलं असतं. माझंही बसलं होतं. मग एक दिवस लीळाचरित्राचा तास येतो. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केला, आणि तो रिद्धपुरात, आपल्या मोर्शी तालुक्यात. मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा, दोन वर्षांत कधी न बोललेला, उठून उभा राहिला. "मॅडम, थे तं माह्या मामाचं गाव हाय." मग पुढचा अर्धा तास तोच बोलला : तिथलं देऊळ, तिथली यात्रा, मामाच्या घरचं बोलणं. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा बातम्यांत पुण्या-मुंबईचे सोहळे दिसले. त्या दिवशी मला तो पोरगा आठवत होता. असा तास गाईड वाचून होत नाही, त्यासाठी बाकावर बसावं लागते.

नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून आमच्याकडे आलं. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम, आणि ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेचा निवडायचा विषय. कल्पना मला मनापासून आवडते, इतिहासाच्या पोरीनं दुसऱ्या शाखेचं काही शिकावंच. पण जिथं विज्ञान-वाणिज्य शाखाच नाही तिथं दुसऱ्या शाखेचा विषय शिकवायचा कोणी? शेवटी जो आहे तोच शिकवतो, आदल्या रात्री वाचून. प्राध्यापकांच्या जागा भरा, एवढंच मागणं आहे.

पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांबद्दलही लोक बोलतात, की ही पोलीस भरतीची गर्दी बी.ए.ला नुसती नाव टाकून ठेवते. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पोरं १६०० मीटर, पोरी ८०० मीटर, पायात साधे बूट, आणि नऊ वाजता घरची कामं. पण लेखी परीक्षा शंभर मार्कांची असते बाप्पाहो, आणि तिथं अडलेली पोरं मग माझ्याकडं मराठीचं व्याकरण विचारायला येतात. आधीच आला असता तर?

रासेयोचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं निवासी शिबिरही कॉलेजच आहे. कित्येक पोरींनी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर सात रात्री तिथं काढलेल्या असतात. रात्रीच्या गप्पांत कोणी म्हणते, मले शिकवाचं हाय, कोणी म्हणते, मले लग्न इतक्यात नाही कराचं. हे बोलायला त्यांना दुसरी जागा कुठं आहे?

यंदा उपयोजित मराठीत अर्जलेखन होतं. मी म्हटलं, खोटा अर्ज कशाला, खराच लिहा. पोरींनी बस आगाराला अर्ज लिहिला, की परतीची गाडी दीडऐवजी अडीचला सोडावी, तेही कारणांसह. तीनदा खोडून लिहिला, एकेचाळीस जणींनी सह्या केल्या. वेचणीवाली ती पोरगी आणि तिची मैत्रीण तो घेऊन गेल्या आणि शिक्क्याची पोच आणली, ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. उत्तर अजून आलेलं नाही. गेल्या सोमवारी त्या दोघी पुन्हा जाऊन विचारून आल्या.