चाळिशीतले चाळ

श्रावणातली सर थांबली की रत्नागिरीतल्या मांडवीच्या कट्ट्यावर आमची नेहमीची माणसे जमतात. गेल्या रविवारी भाऊ लंगडत आला आणि टेकण्यापूर्वीच त्याने गुडघ्याची तक्रार सुरू केली. भाऊचे वय ४८, नोकरी हिशेबनिसाची, आणि ख्याती अशी की कट्ट्यावरच्या चहाचे पैसेसुद्धा तो वहीत मांडून ठेवतो. अशा या भाऊने यंदा आपल्या वाडीच्या जाखडीत, म्हणजे गणपतीत गोल धरून करायच्या नाचात, नाव दिले आहे. कॉलेजात असताना सोडलेला नाच त्याने पुन्हा धरला, पायात चाळ बांधून तो तालमीला उभा राहिला, पहिल्याच आठवड्यात उजवा गुडघा सुजला, आणि पुण्याहून सुट्टीला आलेला त्याचा मुलगा आईला म्हणाला, "पप्पांना मिडलाइफ क्रायसिस झालाय." गुडघ्यापेक्षा हे वाक्य भाऊला अधिक लागले होते, हे त्याने ते तीनदा सांगितल्यावरून आम्हाला कळले.

"हा आजार आहे की नुसता चाळा?" तांडेलाने विचारले. तांडेल म्हणजे मिरकरवाड्याच्या मासेमारी बोटीचे सुकाणू धरणारा आमचा मित्र. वय ५१, आणि कुठलीही गोष्ट मुळापासून विचारण्याची सवय.

आमच्यातल्या डॉक्टरांनी सांगितले की रोगांच्या यादीत या नावाचा कोणताही रोग नाही. मिडलाइफ क्रायसिस, म्हणजे मध्यमवयातले संकट, हा शब्द एलियट जॅक्स नावाच्या, मूळच्या कॅनडातल्या मनोविश्लेषकाचा. १९५७ साली लंडनमधल्या आपल्या व्यवसायबंधूंपुढे त्याने त्यावर एक निबंध वाचला तेव्हा तो स्वतः चाळीस वर्षांचा होता. तो निबंध छापून यायला १९६५ उजाडले. चित्रकार, संगीतकार, लेखक यांची चरित्रे चाळून त्याने असे मांडले की पस्तिशीच्या आसपास माणसाला मृत्यू ही आपल्या स्वतःच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे हे पहिल्यांदा खरोखर उमगते, आणि त्यातून ही उलथापालथ होते. "गंमत अशी की जॅक्स पुढे २००३ सालापर्यंत, म्हणजे ८६ वर्षे जगला," डॉक्टर म्हणाले, "आणि ज्याला तो उतार म्हणत होता, त्या उतारावरच त्याने बरेच मोठे काम केले."

बाई गणित शिकवतात, पण त्यांचा पहिला मुद्दा भाषेचा होता. त्या म्हणाल्या की मराठीने वयांची नावे ठेवताना कंजूषपणा केलेला नाही. विशीच्या वेडेपणाला आपण गद्धेपंचविशी म्हणतो, साठीला बुद्धी नाठी म्हणतो, आणि चाळिशी म्हणजे तर आपल्याकडे नाकावरचा चष्मा. डोळ्यातले भिंग ताठर होत जाते, जवळचे दिसेनासे होते, आणि एवढीच एक गोष्ट या वयात सगळ्यांना नेमाने होते हे आपल्या पूर्वजांनी बरोबर हेरले. या वयात मनाचे काही हमखास बिघडत असते तर त्यालाही एखादे नाव पडले असते.

"नाव आहे की," तांडेल म्हणाला. "म्हातारचळ."

यावर भाऊ सोडून सगळे हसले. बाईंनी मात्र हरकत घेतली: म्हातारचळ ही भोगणाऱ्याची व्यथा नव्हे, तो पाहणाऱ्याचा टोमणा आहे, तो लावला की समोरच्याला काय झाले आहे हे विचारण्याची जबाबदारी संपते. भाऊच्या मुलाने वापरलेला इंग्रजी शब्द हा त्याच टोमण्याचा इस्त्री केलेला अवतार आहे, असे त्यांचे म्हणणे. मला ते तेव्हाच पटले, पण चर्चा एवढ्यावर मिटू द्यायची नव्हती, म्हणून मी समाधानाच्या त्या प्रसिद्ध वक्ररेषेचा विषय काढला.

डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वल्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून दाखवले की माणसाचे समाधान तारुण्यापासून घसरत जाते, चाळिशीच्या उत्तरार्धात तळ गाठते आणि पुढे पुन्हा चढते. वाटीचा छेद घ्यावा तशी ती रेषा दिसते. २०१२ साली तर ५०८ चिंपांझी आणि ओरांगउटानांतही तोच आकार सापडल्याचे प्रसिद्ध झाले. माकडांना ना गृहकर्ज, ना मुलाचा प्रवेश. तेव्हा हे शरीरातच असले पाहिजे, असा माझा युक्तिवाद होता.

"माकडांनी स्वतः सांगितले का?" बाईंनी विचारले. मी म्हटले, नाही, त्यांना सांभाळणाऱ्या आणि ओळखणाऱ्या माणसांनी प्रश्नावली भरून दिली.

"आणि तो सांभाळणाराच पंचेचाळीस वर्षांचा असला तर?" तांडेल म्हणाला. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग बाईंनी त्या वाटीची शिकवणीच घेतली. अशा पाहण्यांत बहुतेक वेळा एकाच माणसाला विसाव्या, चाळिसाव्या आणि साठाव्या वर्षी विचारलेले नसते. एकाच काळातली वीस, चाळीस आणि साठ वर्षांची वेगवेगळी माणसे शेजारी मांडलेली असतात. म्हणजे आपण वयाचा उतार पाहतो आहोत की पिढ्यांमधला फरक, हे नुसत्या रेषेवरून सांगता येत नाही. शिवाय उत्पन्न, लग्न, तब्येत यांचा परिणाम हिशेबातून वजा केला की आकार ठळक होतो. पण माणूस तर या सगळ्यांसकट जगतो, ते वजा करून उरतो तो कोण? आणि वाटी फार खोलही नाही. सरासरीतला थोडासा फरक म्हणजे एकेका माणसावर कोसळलेले संकट नव्हे. अलीकडे त्याच ब्लँचफ्लॉवर यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवले आहे की तरुणांची मनःस्थिती इतकी खालावली आहे की अनेक देशांत तो मधला तळ आता दिसतच नाही.

"म्हणजे क्रायसिस तुझ्या मुलाला झालाय," तांडेलाने भाऊच्या पाठीवर थाप मारली. भाऊ त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसला.

डॉक्टरांनी आणखी एक अभ्यास सांगितला. अमेरिकेत १९९५ च्या सुमारास मध्यमवयाची एक मोठी पाहणी सुरू झाली. तिच्यातल्या काही माणसांशी एलेन वेदिंग्टन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी पुढे सविस्तर बोलून पाहिले. असा क्रायसिस आपल्याला येऊन गेला, असे सुमारे २६ टक्के लोकांनी सांगितले; पण नेमके काय झाले होते हे खोदून विचारल्यावर नोकरी गेल्याची, घटस्फोटाची, आजारपणाची, आईवडिलांच्या मरणाची अशा घटना निघाल्या. त्यांतल्या कित्येक चाळिशीच्या बऱ्याच आधी किंवा पन्नाशीच्या नंतर घडलेल्या होत्या. डॉक्टरांच्या मते याचा अर्थ सरळ आहे: दुःख खरे, पण त्यावर चिकटवलेली वयाची चिठ्ठी खोटी.

मला आमच्या गावचाच एक दाखला आठवला. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ साली सत्तावन्नाव्या वर्षी तो येथेच वारला. त्याचे सगळे मधले वय याच समुद्राकडे पाहण्यात गेले. टेकडीवरचा राजवाडा मिळाला तोही अखेरच्या सहा वर्षांसाठी. उलट या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ साली, बावन्नाव्या वर्षी, शिक्षा होऊन थिबाच्याच राजधानीत, मंडालेच्या तुरुंगात नेले, आणि तेथे चौपन्नाव्या वर्षी त्यांनी 'गीतारहस्य' लिहून काढले. आमच्या गावात ही अदलाबदल पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. मला त्यातून म्हणायचे होते की तेच वय एकाला गोठवते आणि एकाला चालते करते. बाईंनी ते खोडून काढले. राजाला परतीची तारीख कधीच दिलेली नव्हती आणि टिळकांना सहा वर्षांची नेमकी मुदत ठाऊक होती. तेव्हा फरक स्वभावाचाच होता असे कशावरून, असे त्यांनी विचारले. हा कोन मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता, हे कबूल करायला हवे.

तांडेलाला राजांमध्ये रस नव्हता. त्याने बोटीवरचे सांगितले. पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना खलाशी म्हणून चढतो, पंचविशी-तिशीत जाळे ओढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नसतो, आणि चाळिशीत खांदा बोलू लागतो. पण तोपर्यंत त्याला पाण्याचा रंग, वाऱ्याचे वळण आणि माशांच्या थव्याची चाहूल कळू लागलेली असते, म्हणून त्याला सुकाणू मिळते. "ज्या वर्षी माझ्याने जाळे ओढवेना, त्या वर्षी मी तांडेल झालो. मी रडायचे कशाला?"

डॉक्टरांनी याला ओडिशातली जोड दिली. भुवनेश्वरच्या जुन्या मंदिर-वस्तीतल्या बायकांमध्ये उषा मेनन आणि रिचर्ड श्वेडर या मानववंशशास्त्रज्ञांनी काम केले होते. तिथल्या बायका आयुष्याचे टप्पे वर्षांनी मोजत नाहीत, घरातल्या जागेने मोजतात, आणि ज्या टप्प्याला त्या आपल्यासारखेच 'प्रौढ' म्हणतात तो त्यांच्या लेखी सर्वांत समाधानाचा असतो, कारण तेव्हा घराचा कारभार हाती आलेला असतो.

"कारभार हाती येतो, म्हणजे काम जाते असे नव्हे," बाई म्हणाल्या. भारतातल्या बाईची पाळी सरासरीने सत्तेचाळिशीच्या आसपास जाते. नेमक्या त्याच वर्षांत मुलांची बारावी, सासूबाईंची औषधे आणि स्वतःची रात्रभर न लागणारी झोप एकत्र येतात. वर्गात अंगाला अचानक घाम फुटला की फळ्याकडे तोंड करून गणित लिहीत राहायचे, ही युक्ती त्यांनी दोन वर्षे वापरली होती. "पुरुषाने या वयात काही केले की त्याला क्रायसिस म्हणतात. मला सगळे म्हणाले, सुटलीस." यावर कोणीच काही बोलले नाही, आणि मला वाटते ते बरेच झाले.

तांडेलाच्या बोलण्यात मला एक फट दिसत होती: बोटीवर चाळिशीसाठी एक जागा राखलेली असते, सगळीकडे तशी नसते. मी माझ्या वडिलांचे सांगितले. ते परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते; संपात उतरलेल्या सुमारे अडीच लाखांपैकी एक. वर्षभराने ते एक पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले. शेती त्यांना येत नव्हती. मुंबईत ते गावचे होते आणि गावात मुंबईचे. माझ्या लक्षात राहिली आहे ती त्यांची झोप. एक आठवडा ते पहाटे उठत, पुढच्या आठवड्यात दुपारी कपडे करून पडवीत बसत, आणि तिसऱ्या आठवड्यात रात्रभर जागून सकाळी झोपत. गिरणी बंद होती, पण पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रातपाळी त्यांच्या अंगात कित्येक महिने आळीपाळीने चालूच होती. आई शेजारणींना सांगे, त्यांची ड्यूटी आहे.

त्यांच्या त्या दिवसांना वयाचे नाव देणे हा अन्याय होईल. ते संपाने आणि मालकांनी घडवले. पण त्यांच्याच खात्यातले पंचविशीतले दोघे भिवंडीच्या यंत्रमागांवर लागले, आणि वडिलांना तिथे कोणी उभे केले नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की वय हे अशा दुःखाचे कारण नसते, पण कारण घडल्यावर किती वाटा उघड्या राहतील हे वयच ठरवते. डॉक्टरांचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त त्यांनी वयाला फारच स्वस्तात सोडून दिले.

डॉक्टरांनी अर्धी माघार घेतली, पण जाता जाता एक गोष्ट बजावली. दवाखान्यात त्यांना सर्वांत जास्त भीती "वयाचे असेल" या वाक्याची वाटते. महिनोन्‌महिने झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही, अशा माणसाला घरचे वयाचे म्हणून गप्प बसवतात, आणि तपासले की कधी थायरॉइड निघतो, कधी उपचारांनी बरे होणारे नैराश्य निघते. आणि जो माणूस निव्वळ नाचायला गेला आहे, त्याला मात्र आजारी ठरवतात.

तेव्हा कुठे आम्हाला भाऊला विचारायचे सुचले की तू जाखडीत गेलास तरी का. एवढा वेळ आम्ही त्याच्यावरच बोलत होतो आणि हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता.

भाऊ म्हणाला, "अरे, गोल पुरा करायला वाडीत पोरे उरली नाहीत. आठ लागतात, सहाच होती. बाकीची मुंबई-पुण्याला. बुवा दारात आले, नाही कसे म्हणणार?" मग थोडे थांबून त्याने हिशेबनिसाला शोभेल अशी भर घातली. हो म्हटल्यावर रात्री त्याने मोजून पाहिले होते: निवृत्तीला दहा वर्षे, पण या गुडघ्यांवर नाचता येतील असे गणपती फार तर पाच. आजवर किती झाले हे त्याने कधी मोजले नव्हते. उरलेले मात्र पहिल्यांदा मोजले. बर्निस न्यूगार्टन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी मध्यमवयाची नेमकी हीच खूण सांगितली होती, की माणूस जन्मापासूनची वर्षे मोजायची सोडून शिल्लक वर्षे मोजू लागतो. मी हे भाऊला सांगितले. त्याने ते ऐकून घेतले आणि डॉक्टरांकडे वळून विचारले, "ते राहू दे. गुडघ्याला शेक द्यायचा की बर्फ?"

"सूज आहे तोवर बर्फ," डॉक्टर म्हणाले. "आणि दोन दिवस तालीम बंद."

तांडेल उठला, जेटीवर गेला आणि गोणपाटात बांधलेला बर्फाचा चुरा घेऊन आला. भाऊने पॅन्ट वर सारून ते गुडघ्यावर धरले. बांगड्याच्या वासाने बाई दोन हात लांब सरकल्या, आणि बर्फाचे किती झाले हे भाऊने खिशातली वही काढून तांडेलाला विचारले.